लाकडातली लेखणी
(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या सभागृहात मागच्या रांगेत बसून इतरांची भाषणे ऐकली, तेथे आज मला बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल शाळेचा ऋणी आहे.

नोकरीच्या निमित्ताने माझे निम्मे आयुष्य पानिपतात गेले. आपल्याकडे ‘पानिपत झाले’ म्हणजे सर्वस्व बुडाले. अशा गावात राहून मी लाकडाच्या लेखण्या घडवीत होतो, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. म्हणून त्याची हकीकत सांगतो.

हरियाणात कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने शिसमाची झाडे आहेत. आपल्या सह्याद्रीतील शिसवाचा हा उत्तरेकडील चुलतभाऊ. आमच्या घरामागे एका सुताराचे दुकान होते. पलंगाचे पाय कातून उरलेले शिसमाचे तुकडे तो चुलीत घालण्यासाठी बाजूला टाकी. त्यांतले काही मी मागून आणले आणि एक जुना लहान लेथ विकत घेतला.

कृती सांगायला सोपी आहे. बोटभर लांबीचे दोन चौकोनी तुकडे घ्यायचे, त्यांना आरपार सात मिलिमीटरचे भोक पाडायचे, आत पितळी नळी चिकटवायची आणि तुकडे लेथच्या दांडीवर चढवून पटाशीने कातायचे. मग खरखरीत ते मऊ अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवायचा, लाखेचा हात द्यायचा आणि शेवटी टोक, रिफिल व टोपण बसवायचे. माझी पहिली लेखणी मात्र आठवड्यातच उभी चिरली. लाकूड ओले होते. ते सुकले, आकसले. आतले पितळ आकसेना. मग तुकड्यांच्या टोकांना मेण लावून ते वर्षभर सावलीत ठेवले. थांबणे हाही या कारागिरीचा भाग आहे, हे तेव्हा कळले.

त्या सुमारास माझी मुलगी तिसरीत होती. शाळा हिंदी माध्यमाची. लिपी एकच, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण गावी आजीला लिहिलेल्या तिच्या पत्रांत ‘ळ’ कोठेच नसे. बाळ ‘बाल’ होई, केळे ‘केले’ होई. भाषा अशी एकेका अक्षराने हातातून निसटते, आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. मला ते बोचले. वर्षभर सुकलेल्या लाकडाची पहिली धड लेखणी मी तिला दिली आणि एकच अट घातली : हिने फक्त मराठी लिहायचे. तिने पहिल्या दिवशी पानभर ‘ळ’ गिरवला. अक्षर वेडेवाकडे होते, पण ते आमचे होते.

पुढे माझी आई गेली. तिच्या ट्रंकेत नातीची सगळी पत्रे क्रमाने बांधलेली सापडली. सुरुवातीच्या पत्रांत प्रत्येक चुकलेल्या ‘ल’वर तिने पेन्सिलीने बारीक ‘ळ’ काढला होता. आम्हाला कधी एका शब्दाने बोलली नव्हती. नंतरच्या पत्रांवर पेन्सिलीची खूण नव्हती.

पानिपतातील काला अंब येथे आज स्मृतिस्तंभ आहे. तेथे पूर्वी आंब्याचे झाड होते आणि ते वठल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे करून घेतले गेले, असे सांगतात. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे काय घडले, हे मात्र लाकडाने सांगितले नाही; ते सांगितले पत्रांनी आणि बखरींनी. आपले कारकून तिरपा छाट दिलेल्या बोरूने मोडी लिहीत. १८३७ साली पानिपतातच जन्मलेले उर्दू कवी हाली ज्या परंपरेत वाढले, तिची कलमही अशीच छाटलेली असे. तलवारी मोडल्या, छाटलेल्या बोरूने लिहिलेले टिकले.

विद्यार्थी मित्रहो, १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. त्याचा अंश या शाळेतही होता. आम्हाला सुतारकामाचा तास असे. रंधा उलटा चालवला की गुरुजी म्हणत, “लाकडाचा रेषा बघ, मग हात चालव.” पानिपतात लेथपाशी उभा राहिलो की तेच वाक्य कानी येई. काल ती खोली पाहून आलो. तेथे मोडकी बाके रचून ठेवली आहेत.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे. ती बाके भंगारात देऊ नयेत. त्यांचे सागवान साठ वर्षे सुकले आहे, त्याहून चांगले लाकूड कोठे मिळणार? माझा लेथ मी बरोबर आणला आहे, तो शाळेने स्वीकारावा. आठवड्यातून दोन तास मी स्वतः येईन. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके आणि बाह्या वर, एवढी शिस्त मुलांनी पाळावी. लाकडाची धूळ छातीला बरी नव्हे.

ज्या बाकावर बसून आम्ही ‘ळ’ शिकलो, त्याच बाकाच्या लेखणीने पुढच्या मुलांनी तो लिहावा, एवढीच इच्छा.