विमानतळ कोणाचा, आणि करार कोणी वाचायचा?

(मुनिरका, नवी दिल्ली येथील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे मुनिरकाला मेट्रोत बसले की तिसरे स्थानक विमानतळाच्या टर्मिनल 1 चे. आपण रेल्वेची आणि टपालाची माणसे. विमानतळाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. एक संबंध उघड आहे. आपण बांधलेल्या डाकेच्या पिशव्या विमानानेही जातात. दुसरा अधिक जवळचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने 6 लाख कोटी रुपयांची राष्ट्रीय मुद्रीकरण योजना जाहीर केली. त्या यादीत 25 विमानतळ होते, आणि 400 रेल्वे स्थानकेही होती. जे विमानतळावर आधी झाले, ते फलाटावर येऊ शकते. म्हणून आज आपण विमानतळाचा धडा वाचणार आहोत.

प्रथम इतर देशांकडे पाहू.

ब्रिटनने सरळ विकून टाकले. 1986 चा कायदा करून 1987 साली विमानतळ कंपनीचे भाग बाजारात आणले. हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड हे लंडनचे तिन्ही मोठे विमानतळ एकाच कंपनीच्या हाती गेले. सरकारी मक्तेदारी गेली आणि खासगी मक्तेदारी आली. अखेर 2009 साली तिथल्या स्पर्धा आयोगाला सांगावे लागले की गॅटविक आणि स्टॅन्स्टेड विका. पुढे 2013 साली स्टॅन्स्टेड कोणी घेतला? मँचेस्टर भागातल्या नगरपालिकांचा बहुमताचा वाटा असलेल्या कंपनीने! बाजारात विकलेली वस्तू फिरून बऱ्याच अंशी सार्वजनिक हातात आली.

खासगी भांडवलाचे माहेर म्हणतात त्या अमेरिकेत मोठे विमानतळ बहुतेक सर्व शहरांचे किंवा सार्वजनिक प्राधिकरणांचे आहेत. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी अटलांटाचा विमानतळ त्या शहराच्या मालकीचा आहे. पण तिथेही सफाई करणारा, चाकाची खुर्ची ढकलणारा कामगार बहुधा कंत्राटदाराचा असतो आणि पगारवाढीसाठी झगडतो. मालकी सार्वजनिक राहिली म्हणून प्रत्येक कामगाराचे भले झाले, असे नाही.

जर्मनीची तऱ्हा तिसरी. फ्रँकफुर्ट विमानतळाच्या कंपनीचे भाग 2001 साली बाजारात आले, पण हेसे राज्य आणि फ्रँकफुर्ट शहर यांनी मिळून बहुमत आपल्याकडे ठेवले. शिवाय 1976 च्या कायद्याने तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या असतात. निर्णय होतो तेव्हा कामगार त्याच टेबलाशी बसलेला असतो. दाराबाहेर घोषणा देणे आणि आत बसून कागद मागणे, यातला फरक आपल्याला सांगायला नको.

आता आपल्या घरी येऊ.

भारतीय विमानतळ प्राधिकरण 1 एप्रिल 1995 रोजी दोन जुन्या संस्था एकत्र करून झाले. 2003 साली कायद्यात दुरुस्ती होऊन विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेवर पहिले मोठे पाऊल 2006 साली पडले. दिल्ली आणि मुंबई हे सर्वाधिक कमाईचे दोन विमानतळ 30 वर्षांसाठी, पुढे आणखी 30 वर्षे वाढवण्याच्या सोयीसह, खासगी बहुमताच्या कंपन्यांकडे गेले. प्राधिकरणाकडे 26 टक्के भाग राहिले. शिवाय महसुलातील वाटा ठरला, दिल्लीचा 45.99 टक्के आणि मुंबईचा 38.7 टक्के. जमीन सरकारची, आकाशातली वाहतूक सांभाळणारे नियंत्रकही सरकारचेच. मधला मलईचा थर तेवढा दुसऱ्याचा.

कर्मचाऱ्यांनी 1 फेब्रुवारी 2006 ला संप सुरू केला. देशभर कर्मचारी बाहेर पडले आणि आश्वासनानंतर चार दिवसांत संप मिटला. त्या लढ्याला आमचा सलाम आहे. नोकरीच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यामुळे देशापुढे आला. पण हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. संप सुरू झाला तेव्हा बोली उघडून विजेते ठरलेले होते. भाडेपट्टा रद्द झाला नाही. बोलणे राहिले ते कायम कर्मचाऱ्यांचे काय, एवढ्यापुरते. ट्रॉली गोळा करणारा, सामान चढवणारा, फरशी पुसणारा कंत्राटी कामगार त्या बोलण्याच्या कडेलाच राहिला.

आणि पुढचे पाहा. मुंबई विमानतळाचे व्यवस्थापन जुलै 2021 मध्ये जीव्हीके समूहाकडून अदानी समूहाकडे गेले. मालक बदलला, कराराचा कागद तोच राहिला. म्हणून आम्ही म्हणतो की मालकाच्या नावाविरुद्ध घोषणा देऊन भागत नाही. मालक येतात-जातात, कलमे मात्र तीस वर्षे टिकतात.

सरकार चालवूच शकत नाही, हे म्हणणेही खोटे आहे. कोचीचा विमानतळ 1999 साली सुरू झाला. त्यात केरळ सरकार सर्वांत मोठे भागधारक आहे आणि परदेशी गेलेल्या हजारो मल्याळी माणसांचाही पैसा आहे. तो चालतो, नफा कमावतो. तरीही 2019 च्या बोलीत तिरुवनंतपुरम स्वतः चालवायला मागणारे केरळ सरकार हरले, आणि तो इतर पाच विमानतळांसह 50 वर्षांसाठी अदानी समूहाकडे गेला. नवी मुंबईला 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळात सिडकोचा वाटा 26 टक्के आहे. आकडा ओळखीचा वाटतो ना? सव्वीस टक्क्यांत माहिती मिळते, हुकूम चालत नाही.

साथींनो, सुरुवातीला टर्मिनल 1 चे नाव घेतले. 28 जून 2024 च्या पहाटे, मुसळधार पावसात, तिथल्या दर्शनी भागाचे छत कोसळले आणि एका टॅक्सीचालकाचा जीव गेला. छत कोणी बांधले, कोणी तपासले, यावर मोठी माणसे बोलली. तो माणूस कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता. असे लोक आपल्या स्थानकांवरही आहेत, आपल्या टपाल कार्यालयांच्या दाराशीही आहेत.

म्हणून तीन गोष्टी गाठीशी बांधून घरी जाऊ. पहिली : निविदेचा मसुदा निघतो तेव्हाच तो मागा आणि शाखेत वाचा. सही झाल्यावर उरतो तो निषेध. दुसरी : नोकरीच्या हमीचे कलम मागताना कंत्राटी कामगाराचे नाव त्यात पहिले घाला, कारण त्याला वगळून मिळालेली हमी उद्या आपल्यालाही पुरणार नाही. तिसरी : नुसती सरकारी मालकी मागून थांबू नका, निर्णयाच्या टेबलाशी जागा मागा.

विमानतळाच्या भावांना आधी वाचायला वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळाला आहे. तो वाया घालवू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!