सेनापती टिलीचे चरित्र वाचताना

जर्मन भूमीवर 1618 ते 1648 या काळात चाललेले तीस वर्षांचे युद्ध समजून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी राजघराण्यांच्या वंशावळींत न अडकता योहान त्सेर्क्लास टिली या कॅथलिक सेनापतीच्या चरित्रापासून सुरुवात करावी. कारण धर्मश्रद्धा, राजकारण आणि सैन्याचे पोट या तिन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

टिलीचा जन्म 1559 मध्ये, तेव्हा स्पेनच्या अमलाखाली असलेल्या आणि आज बेल्जियममध्ये मोडणाऱ्या ब्राबंट प्रांतात झाला. पोपची सत्ता नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांविरुद्ध शाळा-महाविद्यालयांतून कॅथलिक श्रद्धा दृढ करणाऱ्या जेसुइट धर्मसंघाकडे तो शिकला, आणि ती शिकवण त्याच्या अंगात इतकी मुरली की लोक त्याला 'चिलखतातला संन्यासी' म्हणू लागले. अँटवर्पचा वेढा व हंगेरीतील तुर्कांविरुद्धची मोहीम असा अनुभव घेऊन तो 1610 मध्ये बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियन याच्या सेवेत आला आणि कॅथलिक लीगच्या, म्हणजे कॅथलिक संस्थानिक व बिशप यांच्या लष्करी युतीच्या, फौजेचे नेतृत्व करू लागला. प्रागजवळ 1620 मध्ये आणि लुटर येथे डेन्मार्कच्या राजाविरुद्ध 1626 मध्ये त्याने मिळवलेले विजय कोणत्याही ग्रंथात सापडतील, तेव्हा तेथे फार रेंगाळू नये.

थांबून वाचावे ते माग्डेबुर्गचे प्रकरण. एल्ब नदीवरील या प्रोटेस्टंट शहराने स्वीडनचा राजा गुस्ताव्ह आडोल्फ याच्याशी हातमिळवणी केली होती. 20 मे 1631 रोजी टिलीच्या फौजेने ते हल्ला करून घेतले, आणि पगार थकलेल्या, उपाशी सैनिकांच्या लुटीत व आगीत सुमारे 20,000 माणसे मेली. तारखा पाहताना एक खबरदारी घ्यावी: प्रोटेस्टंट प्रदेशांत जुने ज्युलियन पंचांग चालू असल्याने काही ग्रंथांत हीच घटना 10 मे रोजी दिलेली आढळते. या संहाराचे वर्णन नगरसभेचा सदस्य ओटो फोन गेरिके, म्हणजे पुढे हवेच्या दाबावरील प्रयोगांनी गाजलेला शास्त्रज्ञ, याने लिहून ठेवले आहे. त्याचे घर लुटले गेले होते, म्हणून त्याची साक्ष प्रचारपत्रकांच्या आधी वाचावी. त्या पत्रकांनी टिलीला राक्षस ठरवले आणि पुढे शरण येणाऱ्या कॅथलिक सैनिकांना 'माग्डेबुर्गची दया' दाखवण्याची, म्हणजे दया न करता ठार मारण्याची, भाषा सर्रास होऊ लागली.

शहर जाळण्याचा हुकूम टिलीने दिला असे मानणे कठीण आहे, कारण त्याला माग्डेबुर्ग धान्याची कोठारे, घरे आणि नदीवरचा पूल यांसह हवे होते, आणि हाती आली ती राख. तथापि आपल्या फौजेला आवर घालता न येणे हाही सेनापतीचा दोषच, आणि त्या दोषातून त्याची सुटका करता येत नाही. आसरा उरला नाही म्हणून अन्नाच्या शोधात तो सॅक्सनीत शिरला, त्यामुळे तोवर तटस्थ राहू पाहणारा तेथील संस्थानाधिपती स्वीडनला जाऊन मिळाला, आणि 17 सप्टेंबर 1631 रोजी लाइपझिगजवळ ब्राइटेनफेल्ड येथे, लांब भालेकऱ्यांच्या दाट चौकोनाभोवती बंदूकधारी उभे करण्याची टिलीची जुनी स्पॅनिश रचना गुस्ताव्हच्या विरळ रांगांपुढे व हलक्या, झटपट हलवता येणाऱ्या तोफांपुढे कोसळली. त्या वेळी बहात्तर वर्षांचा असलेला टिली स्वतः जखमी झाला.

पुढच्या एप्रिलमध्ये लेख नदीकाठी राइन गावाजवळ स्वीडिश फौजेला अडवताना त्याच्या मांडीला तोफेचा मार लागला आणि 30 एप्रिल 1632 रोजी इंगोलश्टाट येथे तो मरण पावला. मे महिन्यात गुस्ताव्हने म्युनिकमध्ये प्रवेश केला, तर पवित्र रोमन सम्राटाने पूर्वी बडतर्फ केलेल्या वॉलेनश्टाइन या सेनानीला त्याआधीच पुन्हा सेनापतिपदावर बोलावून घेतले होते.