रुसव्याला नाव द्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजारामपुरीत आमच्या घरी रात्री वीज गेली आणि माझा चार वर्षांचा मुलगा भांडी फेकू लागला. उत्तरपत्रिका अर्ध्यावर राहिल्याने मी चिडलेलाच होतो. ‘हट्ट करतोस?’ म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. नंतर अंथरुणात तो आईला हळूच म्हणाला, ‘अंधारात माझ्या पोटात कसंतरी होतं.’

पोर भ्याले होते. पण ‘भीती’ हा शब्द त्याच्यापाशी नव्हता, म्हणून हात चालला. मी तर एम. ए. झालेला माणूस. माझ्यापाशी शब्द होते, तरी माझाही हातच चालला!

आंबा दाखवून आपण मुलाला ‘आंबा’ म्हणायला शिकवतो. राग, हेवा, भीती यांच्याकडे मात्र बोट दाखवता येत नाही. ती खेळातच दाखवावी लागतात. त्यासाठी पैसा लागतो असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. तिथे शंखशिंपले, पाने, बिया हीच मुलांची साधने झाली.

आपणही तसेच करू. बेंदराचे बैल करून उरलेली माती घ्या. तिचे गोल चेहरे करा, चिंचोक्यांचे डोळे लावा. तोंडाची काडी वर वाकवली की हसू, खाली वाकवली की रडू. ‘आज तू यातला कोणता?’ एवढेच विचारा. भातुकली मांडली असेल तर म्हणा, ‘बाहुली जेवत का नाही गं?’ बाहुलीच्या नावाने मूल आपलेच सांगून जाते. ‘नवं बाळ आलं ना, म्हणून ती रुसलीय.’ आणि आपल्या मराठीत शब्दांना काय तोटा? रुसला, फुगला, हिरमुसला, बावरला, खट्टू झाला. प्रत्येकाची छटा निराळी. गुरुजींनी चेहरा करावा, मुलांनी नाव ओळखावे.

दोन पथ्ये मात्र पाळा. मूल रडत असताना परीक्षा घेऊ नका. आधी जवळ घ्या, नाव मागाहून. आणि ‘मुलगा असून रडतोस?’ असे कधी म्हणू नका. राग येणे वाईट नाही, मारणे वाईट, हे त्याला कळू द्या. त्यासाठी आपणही बोलावे, ‘मला आज राग आलाय, पण तुझा नव्हे.’

नाव कळले म्हणून भीती पळून जात नाही. पण ती दुसऱ्याला सांगता येते आणि सांगितली की मूल एकटे राहत नाही.

परवा पुन्हा वीज गेली. अंधारात एक लहानसा हात माझा हात शोधत आला. ‘बाबा, मला भीती वाटते.’ मेणबत्ती शोधायची राहिली. आधी त्याला मांडीवर घेतले आणि म्हटले, ‘लहानपणी मलाही वाटायची.’