मोटारीची खरी किंमत : अर्थशास्त्रज्ञ हिरोफुमी उझावा

(तोक्योतील मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेचजण जपानमध्ये पहिल्यांदा उतरले ते नारिता विमानतळावर. ही जागा सरकारने १९६६ साली तिथल्या शेतकऱ्यांना न विचारता ठरवली आणि संघर्ष पंचवीस वर्षे चिघळला. १९९१ पासून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवण्यासाठी जे अभ्यासक पुढे आले, त्यांत एक अर्थशास्त्रज्ञ होते. हिरोफुमी उझावा. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

उझावांचा जन्म १९२८ चा, तोत्तोरी प्रांतातल्या योनागोचा. तोक्यो विद्यापीठात ते गणित शिकले. युद्धानंतरची उपासमार समोर होती. हाजिमे कावाकामी यांचे गरिबीवरचे पुस्तक वाचून ते अर्थशास्त्राकडे वळले. १९५६ साली केनेथ ॲरो यांनी त्यांना स्टॅनफर्डला बोलावले. आर्थिक वाढीचे त्यांचे द्विक्षेत्रीय प्रतिमान १९६१ चे. १९६४ साली ते शिकागोत प्राध्यापक झाले. पुढच्याच उन्हाळ्यात तिथे त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत स्टिग्लिट्झ आणि अकरलॉफ होते. दोघांनाही २००१ साली नोबेल मिळाले.

अशा भरात असताना, व्हिएतनाम युद्धाने अस्वस्थ होऊन, १९६८ साली उझावा मायदेशी परतले. तोक्यो विद्यापीठात त्यांना जागा मिळाली ती सहयोगी प्राध्यापकाची, म्हणजे एक पायरी खालची!

परतल्यावर त्यांना काय दिसले? वाढीचा दर उत्तम, पण फुटपाथ नसलेल्या गल्ल्यांतून मुले मोटारी चुकवत शाळेत जात होती. १९७० साली जपानमध्ये रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे दगावली. १९७४ साली उझावांनी 'मोटारीचा सामाजिक खर्च' या विषयावर छोटे पुस्तक लिहिले. तोवर असा खर्च काढताना मेलेल्या माणसाची किंमत त्याच्या बुडालेल्या कमाईवरून धरत. म्हणजे म्हातारा, बेकार, गरीब यांचा जीव स्वस्त! उझावांनी हिशोबच उलटा मांडला. पायी चालणाऱ्याचा हक्क शाबूत ठेवायचा तर रस्ते कसे बांधावे लागतील आणि त्याचा वाटा प्रत्येक मोटारीवर किती पडेल? उत्तर आले : वर्षाला सुमारे २० लाख येन.

हे आपल्याला परके नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ बळी गेले. आपल्याकडेही अपघाताची भरपाई प्रामुख्याने मृताच्या उत्पन्नावरून ठरते. जातीची उतरंड मोडू पाहणाऱ्या समाजाने ही नवी उतरंड निमूट स्वीकारावी का?

पुढे उझावांनी 'सामाजिक सामायिक भांडवल' ही संकल्पना मांडली. नद्या-जंगले, रस्ते-पाणी-वीज आणि शिक्षण-आरोग्यासारख्या संस्था यांचा कारभार ना बाजाराच्या हाती द्यावा ना नोकरशाहीच्या. तो त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी समाजाचे विश्वस्त म्हणून सांभाळावा.

इथे मात्र मला शंका आहे. मिनामाताच्या पारा-विषबाधेत कारखान्याची बाजू सावरणारे तज्ज्ञही होतेच. जाणकारांवर लक्ष कोणी ठेवायचे? आपल्या धनंजयराव गाडगिळांनी प्रवरेला सहकारी साखर कारखान्यात सभासदांना मालक केले, ते एक उत्तर होते. पण सभासद गप्प बसले की तिथेही पुढाऱ्यांचे राज्य येते, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. विश्वस्ताला जाब विचारणारा नागरिक हवाच. नारितात तो जाब शेतकऱ्यांनी विचारला, म्हणून तर जमीन सक्तीने घेण्याचा हट्ट सरकारला सोडावा लागला.

उझावा २०१४ साली गेले. आपण सगळे इथे कौशल्य विकायला आलो आहोत आणि त्यात गैर काही नाही. पण आपण लिहितो ती प्रणाली, आखतो तो पूल, तपासतो तो रुग्ण, यांत नजरेआडच्या कुणाचा तरी जीव आपल्याकडे ठेव म्हणून असतो. हिशोब मांडताना तो माणूस शून्य धरला गेला असेल, तर ते बैठकीत उठून सांगणे आपलेच काम आहे. परत जायचे की इथेच राहायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. हे काम मात्र दोन्हीकडे करता येते.