दादरच्या गॅलरीतील सुतार



वैशाखात दादरच्या रस्त्याकडेचा बहावा फुलला की त्याच्या पिवळ्या घोसांभोवती एक मोठा काळा कीटक घोंघावताना दिसतो. तोच एखाद्या दिवशी जुन्या चाळीच्या गॅलरीत शिरला, की केरसुणी उगारली जाते आणि कठड्यातील त्याच्या भोकात कीटकनाशक ओतले जाते. हा धाक बव्हंशी अनाठायी आहे.

‘भुंगा’ या नावाखाली मराठीत काही ढालकिडेही मोडतात. येथे अभिप्रेत आहे तो सुतार भुंगा, म्हणजे मधमाशीचाच एक थोराड भाऊबंद. मोठ्या जातींतील मादी सुमारे ३ सेंटिमीटर लांब भरते. अंग काळे, पाठीमागचा भाग तुळतुळीत, आणि पंखांवर ऊन पडले की निळी-जांभळी झाक. काही जातींतील नर मात्र पिवळसर असतो. ही एकाच जातीची जोडी आहे, हे पाहणाऱ्यास सहसा पटत नाही.

भुंगा लाकूड पोखरतो, पण खात नाही. वाळवीत आणि त्याच्यात हाच मोठा भेद. मादी वाळलेल्या फांदीत, बांबूत किंवा वाशात गिरमिटाने पाडावे तसे वाटोळे भोक पाडते आणि आत लाकडाच्या रेषेने वळून बोगदा कोरते. तळाशी पराग व मकरंद यांचा मळलेला गोळा ठेवून त्यावर ती एक अंडे घालते, लाळेत कालवलेल्या भुशाची भिंत उभारते, आणि मग पुढचा खण. अंडी मोजकीच, परंतु कीटकसृष्टीतील सर्वांत मोठ्या अंड्यांत त्यांची गणना होते. भोकात विष ओतले की मादीबरोबर हे सारे खणही संपतात. भुंग्याचे लाकूड कोरणे मराठी माणसास नवे नाही. इ.स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात त्याचा दृष्टांत आला आहे.

दाराशी अधांतरी तरंगत राहून माणसाच्या अंगावर धावून येतो, तो बहुधा नर होय. त्याला नांगीच नसते! मादीला असते, पण हातात दाबली गेल्याखेरीज ती सहसा डंख करीत नाही.

वांग्याच्या फुलातील पराग टोकाच्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडतो. भुंगा फूल कवटाळतो, पंख न फडफडविता छातीचे स्नायू थरथरवितो, आणि पराग भुरभुर खाली येतो. सातेरी वा आग्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही. अर्थात भुंगा अगदी सज्जन आहे असेही नव्हे. नळीदार फुलांचा बुडखा चिरून तो मकरंद चोरतो. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर अभयारण्यातील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील एक जात चंद्र नसलेल्या रात्री, केवळ ताऱ्यांच्या उजेडात उडते आणि घरट्याजवळची खूण रंगावरून ओळखते, असे त्यात आढळून आले.

जुन्या चाळी पाडल्या जात आहेत, वाळक्या फांद्या छाटल्या जातात. शहरात भुंग्याची घरे कमी होतात ती अशी. एखाद्या भोकाने तुळई कोसळत नाही. वर्षानुवर्षे त्याच जागी भोके वाढली, तर मात्र कठडा कमकुवत होतो. रंग किंवा वार्निश दिलेल्या लाकडाकडे मादी सहसा वळत नाही. भोक बुजवावयाचेच असल्यास ये-जा पूर्ण थांबल्यावर बुजवावे. एका बाजूने बंद व दुसऱ्या बाजूने उघडे असे बांबूचे पेर गॅलरीच्या छताखाली, पाऊस लागणार नाही अशा बेताने, आडवे बांधून ठेवले तरी भुंग्याला पुरते.