बोली, तोल आणि कायदा

व्यापारी कायद्याचे पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याची एक ठाम समजूत असते. करार म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेला, साक्षीदारांच्या सह्या असलेला दस्तऐवज, असे त्याला वाटते. विद्यार्थ्यांचेच कशाला, सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांचे मतही याहून फारसे निराळे नसते. वस्तुतः १८७२ च्या भारतीय करार कायद्याने सर्वसाधारण करारास कागदाची अट घातलेलीच नाही. एकाने प्रस्ताव करावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोघेही सज्ञान असावेत, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, मोबदला असावा आणि हेतू बेकायदेशीर नसावा, एवढे जमले की करार झाला. रिक्षात बसताना ‘स्टेशन’ एवढा एकच शब्द उच्चारणारा गृहस्थही करारच करीत असतो. त्याला त्याची वार्ता नसते, इतकेच.

पुस्तकात रुक्ष वाटणारा हा कायदा बाजाराच्या आवारात मात्र हालताबोलता दिसतो. आणि तो पाहावयास वाशीम जिल्ह्यातील कारंजा या गावाइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जुन्या जैन मंदिरांचे गाव म्हणून कारंजाची ख्याती आहेच. पण व्यापाराच्या इतिहासात त्याला आणखी एक मान आहे. वऱ्हाड प्रांत हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभाराखाली असताना, १८८६ साली, निघालेल्या हुकुमाने कारंजाच्या कापूसबाजारास नियम लागू झाले, आणि देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याची गणना होते. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हे सारे सरकारास कास्तकाराच्या कळवळ्याने सुचले, असे मात्र कोणी समजू नये. विलायतेतील गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा, ही त्यामागची खरी निकड होती. हेतू कोणताही असो, उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी जुनी रीत अनेक बाजारांत होती, तिच्या जागी उघड लिलाव यावयास नियमांचाच आधार लागला. ज्याचा माल, त्यालाच भाव कळू नये, यापरता अन्याय तो कोणता?

आता या उघड लिलावातील कायदा पाहावा. आवारात सोयाबीनची किंवा तुरीची रास पडलेली आहे, आडत्या बोली पुकारीत आहे. खरेदीदाराची बोली हा केवळ प्रस्ताव होय. शेवटची बोली मंजूर झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली करणारा ती मागे घेऊ शकतो, आणि कास्तकारही ‘या भावात देणे नाही’ असे म्हणू शकतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम हेच सांगते. बोली तुटली की दोघेही बांधले गेले.

परंतु सौदा पक्का झाला, म्हणजे माल खरेदीदाराचा झाला काय? चांगले चांगले विद्यार्थी अडखळतात ते येथेच. बोली सकाळी तुटली, काट्यावर गर्दी आहे, तोल दुपारी व्हावयाचा आहे. आणि मध्येच आभाळ भरून येऊन तासभर पाऊस कोसळला. भिजलेली रास कोणाची? कायद्याचे उत्तर कास्तकारास कटू वाटेल असेच आहे. किंमत ठरविण्यासाठी विक्रेत्याला मालाचा तोल करून देणे अवश्य असेल, तर तो होऊन खरेदीदारास कळेपर्यंत मालकी पालटत नाही, असे २२ वे कलम म्हणते. आणि निराळे काही ठरलेले नसेल तर ज्याची मालकी त्याची जोखीम, असे २६ वे. म्हणजे नुकसान कास्तकाराचे. मात्र त्याच २६ व्या कलमाला एक पुस्ती जोडलेली आहे, आणि ती प्रत्येक कास्तकाराच्या मुलाने पाठ करावी अशी आहे: माल देण्याघेण्यास ज्याच्या चुकीने विलंब झाला, त्या विलंबामुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीची जोखीम त्याच्याच माथी. खरेदीदाराने आपल्याच सोयीसाठी तोल लांबणीवर टाकला असेल, तर पावसाचा जाब त्यालाच द्यावा लागेल. अर्थात विलंब कोणामुळे झाला हे सिद्ध करावे लागते, आणि बोली तुटल्याची वेळ लिहिलेली सौदापट्टी हाती असल्यास ते काम पुष्कळ सोपे होते. कागदावाचून करार होतो हे खरे. पण कागदावाचून पुरावा होणे कठीण.

नमुन्याचीही हीच गोष्ट. खरेदीदार राशीत हात घालून मूठभर दाणे पाहतो व बोली करतो. नमुन्यावरून सौदा ठरला असेल तर सगळा माल नमुन्यासारखाच असला पाहिजे. वर कोरडा आणि खाली ओला, अशी युक्ती कायदा खपवून घेत नाही. तसे आढळल्यास माल नाकारण्याचा, किंवा सिद्ध होणारी नुकसानी मागण्याचा हक्क खरेदीदारास आहे. परंतु माल नमुन्याबरहुकूम असताना, केवळ दुपारी भाव उतरला म्हणून काट्यावर ‘ओल’ काढून क्विंटलमागे रुपये कापणे, हा हक्क नव्हे. ठरलेल्या करारात बदल करावयाचा तर दोघांची संमती हवी.

अज्ञानाचा करार शून्य, हा सिद्धान्त १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात कायमचा ठरविला. मग सोळा वर्षांचा मुलगा माल घेऊन आला तर? बापाने पाठविले असेल तर तो बापाचा मुखत्यार; सौदा बापाचा, आणि तो पक्का. आडत्या हाही कास्तकाराचा मुखत्यारच. त्याने धन्यास न सांगता तोच माल परभारे स्वतःसाठी घेतला, तर त्या व्यवहारातील नफा धनी मागू शकतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

समोरासमोरच्या व्यवहाराचे हे झाले. दोन पक्ष दोन गावी असले म्हणजे प्रश्न आणखी नाजूक होतो, आणि त्याचा निवाडा ज्या खटल्याने झाला तो वऱ्हाडातलाच, हे येथील विद्यार्थ्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग व तेलगिरणीशी दूरध्वनीवर बोलून सरकीच्या ढेपेचा सौदा केला. ढेप आली नाही. पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांची फिर्याद लावली. गिरणीचे म्हणणे असे की, आम्ही ‘होय’ म्हटले ते खामगावात. सबब करार खामगावात झाला, अहमदाबादच्या न्यायालयास अधिकार नाही.

गिरणीच्या म्हणण्यात अर्थ नव्हता असे नाही. पत्राने होणाऱ्या करारात स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच प्रस्ताव करणारा बांधला जातो, असा नियम आहे. मग उच्चारलेल्या शब्दाला तोच न्याय का नसावा? १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हा वाद आला तेव्हा न्यायमूर्तींतही एकमत झाले नाही. न्यायमूर्ती शहा व वांच्छू यांच्या मते दूरध्वनीवरील बोलणे हे समोरासमोरच्या बोलण्यासारखेच. स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे करार पुरा होतो, म्हणजे अहमदाबादेस. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कायद्याच्या चौथ्या कलमाचे शब्द पुढे करून भिन्न मत दिले: स्वीकृती बोलणाऱ्याच्या तोंडून निघून त्याच्या हाताबाहेर गेली, तेथेच, खामगावात, करार झाला. १८७२ च्या शब्दांशी हे अल्पमत अधिक इमान राखते, असे म्हणावयास जागा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र बहुमतच सुटसुटीत. निकाल बहुमताचा, आणि खामगावकरांना कज्जा लढविण्यासाठी अहमदाबादचा रस्ता धरावा लागला.

आज रिसोडचा किंवा मंगरूळपीरचा व्यापारी दूरच्या तेलगिरणीशी भ्रमणध्वनीवर दिवसातून दहा सौदे करतो. प्रस्ताव कोणी केला आणि ‘मंजूर’ हा शब्द कोणी कोठे ऐकला, यावर आपला दावा घरच्या न्यायालयात चालेल की परमुलखात, हे पुष्कळ अंशी ठरते; आणि ‘वाद उद्भवल्यास वाशीमच्या न्यायालयात’ ही एक ओळ, तेथे मुळात अधिकार पोहोचत असेल तर, आधीच लिहून घेण्यास दमडीचाही खर्च येत नाही.