सजा संपली, मत गेलं नाही
(गोरेगाव येथील सभेत केलेले भाषण)



सयाण्या मंडळींनो, बायांनो, भावांनो, जंगलाच्या केसमध्ये जेल भोगून आलेले लोक मतदानाच्या दिवशी घरीच बसतात. विचारलं तर म्हणतात, "आमचं मत गेलं ना बाबू." कोणी सांगितलं? कायद्यानं तर नाही.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 62(5) आहे. माणूस जेलात किंवा पोलिसांच्या ताब्यात असेल तोवर त्याला मत टाकता येत नाही. गुन्हा शाबित झाला नसला तरी नाही. हा अन्यायच आहे, पण 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम कायम ठेवलं. मात्र सुटून बाहेर आला की ही बंदी संपली. जामिनावर असला तरी मत आहे. फक्त निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांत मत सहा वर्षं जातं. दोन वर्षं किंवा जास्त सजा झालेल्याला सुटल्यावर सहा वर्षं आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही. लोक हेच ऐकतात आणि मतही गेलं समजतात.

2013 मध्ये तर कायद्यात लिहिलं, की जेलात आहे एवढ्यानं यादीतला माणूस मतदार म्हणून बाद होत नाही. मग नाव का कापलं, ते बीएलओला विचारा. सहा नंबरचा फॉर्म भरा. तो फुकट आहे, दलालाला एक रुपया देऊ नका.

वनहक्काच्या ग्रामसभेत तर 2006 च्या कायद्यानं गावातले सगळे प्रौढ आहेत, यादीत नाव असो-नसो. दाव्याच्या ठरावाला निम्मे लोक हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. जंगलासाठी जेलात गेलेला माणूसच त्या दिवशी घरी राहिला तर कसं होईल? त्याला बोलवून आणा.

पुढच्या बैठकीला आपापल्या गावाची मतदार यादी आणा. एकेक नाव वाचून पाहू.